1 ऑगस्टला गावच्या टेकडीवरच्या आगीला जावं का? (स्वित्झर्लंड, एमेनताल)

शेवंती_बर्न

नमस्कार मंडळी,

आम्ही या मार्चमध्ये एमेनतालमधल्या एका छोट्या गावात राहायला आलो. नवऱ्याची नोकरी बर्नला आहे, पण शहरात घर मिळेना म्हणून इथे. गावात मराठी सोडाच, दुसरं भारतीय घरही नाही. लोक चांगले आहेत, वाटेत भेटले की हसून बोलतात, पण त्यांची बोली मला निम्मीच कळते आणि माझं जर्मन अजून दुकानातल्या व्यवहारापुरतंच आहे.

परवा पत्रपेटीत गेमाइन्डेचं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचं, एक पत्रक आलं. 1 ऑगस्ट, म्हणजे इथला राष्ट्रीय दिवस: संध्याकाळी सहापासून खाणंपिणं, आठला भाषण, मग मुलांची कंदील घेऊन मिरवणूक आणि अंधार पडला की वर टेकडीवर मोठी आग. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की वणव्याचा धोका असेल तर आग रद्द. शेजारच्या शेतावरच्या बाईंनीही कुंपणापलीकडून दोनदा हात करून "या हं नक्की" असं सांगितलं, निदान मला तरी तसं वाटलं. टेकडीवर ट्रॅक्टरने लाकडं यायला लागलीत, खिडकीतून दिसतात.

माझी अडचण अशी. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात, त्यांना जायची फार इच्छा आहे. त्या विचारतायत की ही त्यांची होळी आहे का, पूजा असते का, आगीत नारळ किंवा नैवेद्य टाकायची पद्धत आहे का. मुलगा चार वर्षांचा आहे आणि मोठ्या आवाजाला खूप घाबरतो, आणि इथे फटाके असणार हे दुकानांतल्या खोक्यांवरून कळतंच आहे. आणि माझ्या मनात वेगळंच चाललंय. हा त्यांच्या देशाचा दिवस. आपण नुकते आलेले, भाषा येत नाही, तिथे जाऊन नुसतं बघत उभं राहणं बरं दिसेल का? की सरळ एखाद्या मोठ्या शहरात जाऊन गर्दीत आतषबाजी बघावी?

ज्यांनी गावातला 1 ऑगस्ट पाहिलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

झुरिककर

आधी कामाचं लिहितो, बाकी इथल्या जाणत्या मंडळींवर सोडतो.

त्या दिवशी दुकानं रविवारसारखी बंद असतात, त्यामुळे दूध, भाजी आदल्या दिवशीच आणा. बस आणि रेल्वेसुद्धा सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात, परतीची शेवटची पोस्टआउटो बस आधी बघून ठेवा. फटाके घेणार असाल तर खोक्यावर एफ1, एफ2, एफ3 असं छापलेलं असतं. एफ1 वयाच्या 12 वर्षांपुढे, एफ2 16 पुढे आणि एफ3 18 पुढे. एफ4 ला वेगळा परवाना लागतो, तिकडे वळूच नका. वणव्याच्या धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि त्यावरून कॅन्टन (प्रांत) किंवा गेमाइन्डे बंदी घालतं. बंदी सरसकट असेल तर ती घराच्या अंगणातसुद्धा लागू. अग्निशमन 118, रुग्णवाहिका 144.

भाषणाची काळजी करू नका. सगळे गप्प बसले की आपणही गप्प बसायचं.

टेकडीवरची

शेवंती, जा. आणि संध्याकाळी सहाला नाही, दुपारीच जा.

मी लांगनाऊच्या वरच्या अंगाला राहते. नवरा इथलाच, होर्नुसर मंडळातला (होर्नुसेन हा इकडचा जुना मैदानी खेळ, तो खेळणारे ते होर्नुसर), त्यामुळे ही लाकडं कोण आणतं, बाकं कोण मांडतं आणि दुसऱ्या दिवशी कोण उचलतं हे मला आतून माहीत आहे. तू विचारलंस की परक्यांनी नुसतं बघत उभं राहावं का. नुसतं उभं राहणंच तिथे अवघडल्यासारखं होतं, कारण तो सोहळा प्रेक्षकांसाठी मांडलेलाच नसतो. आमच्या बाजूला गावातली मंडळं पाळीने तो अंगावर घेतात: एखाद्या वर्षी व्यायाम मंडळ, पुढे कधी वाद्यवृंद, कधी होर्नुसर. सॉसेज भाजणारा गवंडी असतो, पैसे घेणारी शाळेतली बाई असते, आगीजवळ उभे राहणारे गावच्या अग्निशमन दलातले, म्हणजे एरवी सुतार, दूधवाले, कारकून. म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमारास टेकडीखाली जा, लांब घडीची बाकं उतरवताना दिसतील, तिथे विचार: "खान इ ओपिस हॅउफे?" काही मदत करू का, एवढंच. तुला एक बाक धरायला सांगतील आणि त्यानंतर संध्याकाळी तुला कुणी पाहुणी म्हणणार नाही. हातात काम असलं की भाषेची अडचण अर्धी होते, हे मी इथे आल्यापासून पाहत आलेय.

केक किंवा घरचं गोड न्यायचं असेल तर शेजारणीला आधी विचार, कारण गोडाच्या टेबलाची जबाबदारी बहुतेक एकीकडे असते. नेलंस तर काय काय घातलंय ते कागदावर जर्मनमध्ये लिहून शेजारी ठेव. सुकामेवा आणि दूध तर नक्की लिही.

आता आगीबद्दल, कारण सगळ्यात जास्त जीव माझा तिथेच आहे. लाकूड फक्त नैसर्गिक आणि वाळलेलं. रंग दिलेली फळी, जुनं कपाट, प्लास्टिक, काहीही चालत नाही, हा कायदाच आहे, धुराच्या स्वच्छतेसाठीचा. आमच्याकडे आरा गिरणीतल्या सालपटासकटच्या फळ्या आणि रानातल्या फांद्या येतात. बाहेरून आडवी-उभी चौकट रचत नेतात आणि आत बारीक फाटे भरतात, म्हणजे आग मधून वर चढते आणि ढीग आतल्या आत बसतो, बाहेर कोसळत नाही. वर कुणाचा पुतळा नसतो. झुरिकला वसंतात ब्योग नावाचा बर्फाचा माणूस जाळतात, तो वेगळा सण, त्याचा याच्याशी संबंध नाही. कुणी फोटो दाखवून घोटाळा करेल म्हणून सांगितलं.

ढीग आठवडाभर आधी रचलेला असतो ना, तेवढ्यात त्यात हेजहॉग (साळूसारखे पण छोटे काटेरी प्राणी) शिरून बसतात, कधी बेडूक, पालीसारखे प्राणी. आग लावण्याआधी त्याच दिवशी तो ढीग हलवून पुन्हा रचायला हवा. सगळी गावं करत नाहीत आणि मला त्याचा राग येतो. तू दुपारी गेलीस आणि कुणी फांद्या उपसताना दिसलं तर तिथेच लाग. चार वर्षांच्या मुलाला त्या दिवसातलं सगळ्यात आवडेल असं काम तेच आहे. हातमोजे ने.

सासूबाईंना सांग, पूजा नाही, प्रदक्षिणा नाही, आणि आगीत काहीही टाकायचं नाही, नारळ तर अजिबात नाही. आगीजवळ नेमलेली माणसंच जातात. पण त्यांना होळी आठवली तर त्यात चूक काही नाही. गोल उभं राहून सगळं गाव एकाच दिशेने बघतं, तोंडं तापतात, पाठी गार पडतात. (ऑगस्ट असला तरी रात्री टेकडीवर थंडी वाजते. त्यांना लोकरीचं दे. पातळ फ्लीसचं जॅकेट नको, ठिणगीने भोक पडतं. आणि गवत दवाने ओलं असतं, चपला नकोत, बूट. घरी आल्यावर सगळ्यांचे पाय, गुडघ्यामागच्या घड्या गोचिडीसाठी बघून घ्या.)

हे सगळं कशासाठी, हे त्यांना सांगायचं तर असं सांग. उरी, श्वीत्स आणि उंटरवाल्डन या तीन डोंगरी प्रांतांनी एकमेकांच्या मदतीला धावण्याचा करार केला. त्याचं लॅटिनमधलं पत्र श्वीत्सला आजही ठेवलेलं आहे, आणि त्यावर "1291, ऑगस्टच्या आरंभी" असा काळ आहे, नेमका दिवस नाही. गंमत अशी की हे पत्र शेकडो वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हतं, 1758 मध्ये दप्तरखान्यात सापडलं. त्याआधी आणि नंतरही बराच काळ लोक 1307 हेच साल धरत. आल्टडॉर्फला विल्यम टेलचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्यावर अजून 1307 कोरलेलं आहे. 1 ऑगस्ट पहिल्यांदा साजरा झाला 1891 मध्ये, 600 वर्षं झाली म्हणून. त्याच वर्षी बर्न शहराला 700 वर्षं होत होती. दरवर्षीचा रिवाज 1899 पासून, तोही संध्याकाळी गावोगावच्या घंटा वाजवून. आणि आपलं बर्न त्या तिघांत नव्हतंच, ते 1353 मध्ये सामील झालं. तेव्हा आज तुझ्या गावात जो दिवस साजरा होतो तो मुळात ल्युसर्न तलावाकाठच्या लोकांचा. तुझ्या गावालाही तो कधीतरी नवाच होता.

आणि टेकड्यांवरच्या आगी त्याहून वेगळ्या वाटेने आल्यात. बर्नच्या राज्यात जुन्या काळी उंच टेकड्यांवर पहारे असत. लाकडं रचून तयार ठेवलेली, दिवसा धूर आणि रात्री जाळ. एका टेकडीवर पेटलं की पुढची पेटवायची, म्हणजे शत्रू आल्याची बातमी घोडेस्वाराच्या आधी पोचायची. त्या जागांना इकडे खुत्सन म्हणतात. फ्रीनिसबर्गवर आणि बेल्पबर्गवर ते नाव आजही नकाशात आहे. म्हणून तुझ्या गावची आग नीट पेटली की तिच्याकडे पाठ कर. मी हे सगळ्यांना सांगते. पाठ करून समोरच्या कड्यांवर बघ. हवा स्वच्छ असेल तर एक, मग दुसरी, मग लांब अजून एक, अशा आगी दिसायला लागतात. गावातली म्हातारी माणसं त्या नावानिशी ओळखतात, ही अमक्या गावची, ती तमक्या आल्पवरची (डोंगरावरच्या उन्हाळी कुरणावरची). एखादी दिसली नाही तर विचारतात, यंदा तिकडे काय झालं. आतषबाजी मला आवडते, पण ती कुठेही बघता येते. ही मोजणी मात्र गावातल्याच माणसाशेजारी उभं राहून करायची असते, आणि म्हणून मोठ्या शहराचा बेत मला पटत नाही.

वेळेचं म्हणशील तर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, खरा अंधार पावणेदहानंतर. आग त्याच्या आसपास. मुलाला दुपारी झोपव.

बाझेलचा_पाहुणा

शहराची बाजू थोडी मांडतो, कारण टेकडीवरच्या ताईंचं म्हणणं मला पटतं, पण सगळ्यांना गाव मिळत नाही.

बाझेलमध्ये मोठा सोहळा एक दिवस आधीच, 31 जुलैच्या रात्री ऱ्हाईनच्या काठावर होतो. मुलाला लांबून, नदीच्या रुंदीपलीकडून आतषबाजी दाखवायची असेल तर तसा पर्याय आहे, आणि 1 ऑगस्ट गावासाठी मोकळा राहतो. दोन्ही होतं.

दुसरं म्हणजे, 2018 सारखा कोरडा उन्हाळा आला तर अनेक कॅन्टनांत आगी आणि फटाके दोन्ही बंद होतात. त्या वर्षी तसंच झालं. अशा वेळी लोक कार्यक्रम रद्द करत नाहीत, फक्त आग पेटत नाही. पत्रकावरची बारीक अक्षरं त्यासाठी आहेत. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

सकाळचंही लक्षात घ्या. 1993 पासून त्या दिवशी देशभर शेतकरी आपल्या शेतावर न्याहरी देतात: वेणीसारखा पाव, चीज, लोणी, जॅम, बटाट्याची रोष्टी, अंडी. आधी नाव नोंदवावं लागतं आणि चांगल्या जागा लवकर भरतात. शाकाहारी माणसाचं तिथे संध्याकाळपेक्षा जास्त छान होतं. आणि हा दिवस सगळ्या देशाला पगारी सुट्टीचा झाला तो 1994 पासून, त्याच्या आदल्या वर्षी लोकांनी मतदानाने तसं ठरवल्यावर. त्याआधी अनेक ठिकाणी लोक दिवसभर कामाला जाऊन संध्याकाळी आग पेटवायचे. माझ्या कारखान्यातले जुने सहकारी हे अजून अभिमानाने सांगतात.

शेवंती_बर्न

सगळ्यांचे मनापासून आभार. टेकडीवरची ताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. हेजहॉगचं ऐकल्यापासून मुलगा रोज खिडकीतून ढिगाकडे बघतोय. त्या आगी मोजण्याचं मात्र सासूबाईंनी मनावर घेतलंय.

अजून दोन गोष्टी विचारते. फटाक्यांचा आवाज नेमका कधी आणि किती असतो? आणि आम्ही तिघंही शाकाहारी (नवरा सोडून), तर संध्याकाळी खायचं काय?

टेकडीवरची

आवाजाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण लहान मुलाचा प्रश्न आहे. जमिनीवर ठेवून नुसता धडाका करणारे मोठे फटाके इथे विकायलाच बंदी आहे. आवाज येतो तो वर जाणाऱ्या बाणांचा आणि तोफेसारख्या खोक्यांचा. गावात ते आग पेटल्यानंतर जास्त, साधारण दहा ते अकरा. पण काही मुलं दोन दिवस आधीपासून अधूनमधून उडवतात, त्याचा नेम नसतो. मुलासाठी पामिर, म्हणजे कानावर बसणारे आवाज अडवणारे हेडफोनसारखे कव्हर, आण, अवजारांच्या दुकानात लहान मापाचे मिळतात. घरी दोन-तीन दिवस आधी घालून खेळू दे, म्हणजे त्या रात्री ते नवीन वाटत नाहीत. मिरवणुकीला आवाज नसतोच. कागदी कंदील, काठीला टांगलेले, त्यावर पांढरा क्रॉस किंवा बर्नचं अस्वल. खरी मेणबत्ती असते, वारा असेल तर कंदील पेट घेतो, म्हणून त्याला बॅटरीचा दिवा घालून दे. हातात धरायला रंगीत ज्योतीच्या काड्या मिळतात, लाल आणि हिरव्या, त्या एवढ्या लहान वयात तूच धर. कारंज्यासारखा वर उसळणारा व्हल्कान त्याला लांबून नक्की आवडेल, त्याचा आवाज फक्त सळसळ.

घाबरलाच तर मिरवणूक संपल्यावर घरी घेऊन जा. कुणालाही त्यात काही वाटत नाही. गावातली कितीतरी घरं त्या रात्री कुत्र्यामुळे घरातच असतात. आवाजाच्या फटाक्यांवर बंदी यावी म्हणून 2023 मध्ये जनमतासाठीच्या सह्या बर्नला सादर झाल्या, तेव्हा आवाज नकोसा वाटणारे तुम्ही एकटे नाही.

खायचं म्हणशील तर सर्वेला या सॉसेजमध्ये डुक्कर आणि गाय दोन्ही असतं, ते तुमच्यासाठी नाही. पण छोटा निखारा बहुतेक ठिकाणी मुलांसाठी वेगळा ठेवलेला असतो, तिथे काठीला कणकेची दोरी गुंडाळून पाव भाजतात. पीठ घरून मळून ने, काठी सालून टोकदार कर, आणि ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर फिरवत राहा. भाजायचं चीज आणि मक्याची कणसं नेलीस तरी चालेल, पण त्यांच्या जाळीवर सॉसेज असतात, म्हणून चीजखाली फॉइल ठेवायला सांग. बेकरीत आदल्या दिवशी 1 ऑगस्टचे वेग्गेन मिळतात, दुधातले गोल पाव, वर कात्रीने कापलेला क्रॉस आणि त्यात रोवलेला छोटा झेंडा. सासूबाईंना चहाबरोबर आवडतील. पेल्यांवर अनामत असते, बहुतेक 2 फ्रँक, पेला परत केला की मिळते. रोख थोडे ठेव, बाकी ट्विंट (फोनवरून पैसे द्यायचं ॲप) चालतं.

आणि एक काम माझ्यातर्फे. 2 तारखेला सकाळी मुलाला घेऊन शेताच्या कडेने फिरून ये आणि बाणांच्या काड्या, तारा, प्लास्टिकच्या टोप्या वेचून आण. हे सगळं गवतात राहिलं की कापणीत चाऱ्यात जातं आणि तिथून गाईच्या पोटात. शेजारच्या शेतावरच्या त्या बाईंना विचार, त्यांच्या कुठल्या तुकड्यावर आधी जायचं. पिशवी जाड घे, काही टोकं अणकुचीदार असतात. न फुटलेलं काही दिसलं तर हात लावू नका, मुलाला तर जवळच जाऊ देऊ नकोस, बाईंना दाखवा. त्यांनाही आधीच सांगून ठेव की तुम्ही सकाळी येताय, म्हणजे त्या गाई दुसऱ्या बाजूला बांधतील.